मृगया आणि आमिष

‘मृग’ आणि ‘मृगया’ हे शब्द एकाच कुळातले. ‘मृग’ हा शब्द आरंभी कोणत्याही वन्य पशूसाठी वापरला जाई. सिंह मृगेंद्र ठरतो तो त्यामुळेच. पुढे तो हरणापुरता संकोचला. जणू भाषेनेच हरणाला शिकारीचे लक्ष्य म्हणून नेमून टाकले.

‘शाकुंतला’चा पहिला अंक शिकवताना आपण रथाच्या वेगावर आणि धावत्या हरणाच्या चित्रावर तास खर्ची घालतो. त्याच अंकातला दुसरा तपशील मात्र निसटतो. आश्रमाजवळची हरणे रथाचा आवाज ऐकूनही पळत नाहीत, कारण त्यांना तिथे भय ठाऊक नाही. आश्रममृग अवध्य आहे असे तपस्वी सांगतो आणि दुष्यंत बाण उतरवतो. विश्वासलेल्या जिवावर शस्त्र धरू नये, हा मृगयेचा नियम आम्हांस या प्रसंगात दिसतो.

आमिष नेमका हाच नियम मोडते. पाठलागात हरणाला निदान धोक्याची चाहूल लागते. पाणवठ्यावर दबा धरणारा त्याच्या तहानेचा फायदा घेतो. आमिष मांडणारा त्याही पुढे जातो; तो विश्वास निर्माण करतो, तोही मारण्यासाठीच.

आमिषाने जनावर जवळ येते, नेम अचूक बसतो, तडफड टळते, असा एक युक्तिवाद आहे. तो क्षणभर पटतो. परंतु त्यात वेदनेचा विचार आहे, कपटाचा नाही.

आपल्या कायद्याने हा भेद ओळखला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानाधारकालाही रात्री, किंवा पाणवठ्यावर व क्षारचाटणावर हरणाची शिकार करण्यास मनाई केली होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली. याच कायद्याच्या व्याख्येनुसार वन्य प्राण्याला आमिष दाखवणे हीदेखील शिकारच होय. बाण सुटण्याआधीच गुन्हा घडलेला असतो, हे कायद्याच्या रूक्ष भाषेने अचूक पकडले आहे.

रामायणातील सुवर्णमृगाच्या प्रसंगी हरीण हेच आमिष होते आणि सावज होता शिकारी. तरीही वर्गात चर्चा होते ती सीतेच्या मोहाची. मोह कोणाला पडला यापेक्षा आमिष कोणी मांडले, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे आधी ठेवावा, असे आमचे मत आहे.