घरचा उद्योग : कातड्याचा पट्टा

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमचा पुतण्या महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत कामास आहे. त्यानें हौसेनें घेतलेल्या 'अस्सल चामड्याच्या' पट्ट्याचे सात-आठ महिन्यांतच पापुद्रे सुटूं लागले. आंत पाहतों तों काय, कातड्याच्या चुऱ्याचा लगदा चिकटवून त्यावर रंगाचा पातळ थर दिलेला! पट्टा टाकून देतांना तो म्हणाला, "काका, दिवसभर आम्ही मोटारींचे भाग घडवितों, आणि कमरेचा एवढा पट्टा आपल्याला करतां येऊं नये?" प्रश्न आम्हांस पटला. हें सदर त्याच्या उत्तरासाठींच आहे.

पण कातडें घरांत येतांच पहिली हरकत आमच्या मातोश्रींनीं घेतली. "अरे, देवघराच्या शेजारीं हें कशाला?" असें त्या म्हणाल्या. पुतण्यानें हंसून विचारलें, "आजी, गुरुवारच्या भजनांतल्या तबल्याची पुडी कशाची असते?" त्या कांहीं बोलल्या नाहींत, मात्र त्या दिवशीं कातड्यास ओसरीवरच जागा मिळाली. ही हरकत पुष्कळ घरीं निघेल, म्हणून ती आम्हीं मुद्दाम नमूद केली. तिचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं.

आधीं कातड्याची निवड. कातडें कमावण्याच्या मुख्य रीति दोन. आजकाल जगांतील बहुतेक कातडें क्रोमाच्या क्षारांनीं कमावलेलें असतें. तें लवकर तयार होतें आणि मऊ असतें. दुसरी रीत वनस्पतींची. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचें कातडें याच रीतीनें होत आलें आहे. चुन्याच्या पाण्यांत ठेवून केंस काढतात, आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यांत तें मुरवितात. कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, तींत काढा भरून ठेवण्याचीहि जुनी पद्धत आहे. या कामास दिवस लागतात; परंतु असें कातडें घट्ट राहतें, कडा घासल्यास चकाकते, आणि वापरानें त्याचा रंग खुलतो. पट्ट्यास हेंच हवें. ओळख सोपी आहे : कापलेली कड आरपार तपकिरी दिसते व पाण्याचा थेंब टाकल्यास तो जिरून डाग गडद होतो. क्रोमाच्या कातड्याची कड बहुधा आंतून निळसर-करडी असते. महाराष्ट्रांत २०१५ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनें बैलांच्या कत्तलीसहि बंदी आली, तेव्हां म्हशीचें कातडें मिळाल्यास नवल मानूं नये. पट्ट्यास तें उत्तम.

जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर असावी. पट्टी पाठीच्या कण्याच्या दिशेनें, लांबीस कापून घ्यावी. पोटाकडील कातडें ताणतें, आणि महिन्याभरांत पट्टा लोंबूं लागतो. विजारीच्या पट्ट्यास दीड इंच रुंदी पुरे. मात्र बक्कल आधीं आणून पट्टी त्याच्या मापानें कापावी.

लांबीसाठीं कमर मोजूं नका; जुना पट्टा मोजा. बक्कलाच्या दांड्यापासून रोजच्या वापराच्या भोंकापर्यंतचें अंतर घ्या. तें ३४ इंच भरलें असें धरूं. बक्कलामागें दुमडण्यास ३ इंच आणि भोंकापुढील टोकास ६ इंच मिळवा. एकूण ४३ इंच. रोजचें भोंक मध्यें धरून त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक इंचावर दोन-दोन भोंकें, अशीं पांच भोंकें पाडावीं. माणूस वर्षांत थोडा वाढतो, थोडा घटतो. दोन्हींची सोय होते.

हत्यारें थोडींच लागतात : पोलादी पट्टी, धारदार रांपी, आरी, भोंकें पाडण्याचा पंच, लांकडी हातोडा, दोन बोथट सुया व मेण लावलेला जाड दोरा. कातडें एका दमांत कापण्याचा मोह टाळावा. पट्टी दाबून धरून तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापावें. दुमडण्याचें टोक मागील बाजूनें तासून निम्म्या जाडीचें करावें. दुमडीच्या रेषेवर, बक्कलाच्या कांट्यासाठीं, इंचभर लांबीचा फट ठेवावा. दोन भोंकें पाडून मधला भाग कापला कीं तो होतो. दुमडतांना एवढाच भाग ओल्या फडक्यानें ओलसर करावा, म्हणजे कातडें तडकत नाहीं.

येथेंच आमच्या हातून चूक झाली. चिरंजीव कारखान्यांतून आले ते हात न धुतांच दुमड दाबावयास बसले. पाहतां पाहतां ओल्या कातड्यावर काळे ठिपके उमटले! कारण ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत; हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हातावरचा लोखंडाचा कीस आणि कातड्यांतला हिरडा मिळून आमच्या पट्ट्यावर तीच शाई तयार झाली होती. लिंबाचा रस हलकेंच चोळून व स्वच्छ पाण्यानें पुसून ठिपके पुष्कळसे गेले. तेव्हां हात धुवावे, मेजावर लोखंडाची धूळ नसावी, आणि बक्कल पितळेचें घ्यावें.

शिवण दोन सुयांची असावी : एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया ओंवून प्रत्येक भोंकांतून दोन्ही बाजूंनीं आणाव्या. असा एक टांका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीस हा गुण नाहीं. टोक अडकविण्याची चामड्याची कडी शिवण्यापूर्वींच दुमडींत घालण्यास विसरूं नये.

आतां अखेरचा हात. कडांची टोकदार धार रांपीनें किंचित् तासावी, कड ओलसर करावी, आणि गुळगुळीत लांकडानें अथवा जाड्याभरड्या कापडानें ती तापेपर्यंत घासावी. एकदां घासून भागत नाहीं. तीन-चारदां घासल्यावर कांचेसारखी होते. मग एरंडेलाचा अगदीं हलका हात द्यावा व एक रात्र मुरूं द्यावें. शेवटीं एक भाग मधमाश्यांचें मेण व तीन भाग तेल गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून तें कापडानें चोळावें. विस्तवावर थेट ठेवूं नये. पावसाळ्यांत पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नका, वाऱ्यावर टांगा; आणि भिजल्यास उन्हांत नव्हे, सावलींत वाळवा.

हें सर्व पुस्तकावरून आलें नाहीं. शिवण आम्हांस चाकणकडील एका वृद्ध चर्मकारांनीं शिकविली. पहिला पट्टा पाहून ते म्हणाले, "दादा, टांका ओढतां खरा, पण दोन्ही हातांनीं सारखा ओढत नाहीं." आम्हीं तीन संध्याकाळ त्यांच्यापाशीं बसलों, आणि आजवर चपलेच्या अंगठ्यासाठीं दोन-पांच रुपयांची घासाघीस करीत आलों याची लाज वाटली.

कातड्यास हात लावल्यानें कोणाचा वर्ण उतरत नाहीं, हें थोरांनीं केव्हांच करून दाखविलें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील टॉलस्टॉय फार्मवर १९१० नंतर गांधीजी चपला शिवावयास शिकले. १९१४ सालीं त्यांनीं जनरल स्मट्स यांस दिलेला जोड प्रसिद्धच आहे. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत मेलेल्या जनावरांचें कातडें काढण्याचें काम स्वतः हातीं घेतलें. आपण फक्त एक पट्टा करीत आहों. यांत शौर्य कांहीं नाहीं. परंतु ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या हें काम केलें त्यांना आपण दारापलीकडे ठेवलें, आणि त्यांची वस्तु मात्र अंगावर बाळगली, ही विसंगति हातांत आरी घेतल्यावर जितकी टोंचते तितकी वाचून टोंचत नाहीं.

पट्टा पुरा झाला तेव्हां पुतण्यानें त्या कारागिरांना घरीं बोलावलें. ते संवयीनें पायरीवरच बसूं लागले. मातोश्री आंतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तेथें नको, आंत या. माझ्या माहेरीं कातड्याची मोट होती. तिच्याच पाण्यावर आमची बाग झाली, आणि देवाचीं फुलेंहि तिचींच." चहा त्यांनीं स्वतः दिला. पट्टा आतां देवघराशेजारच्या खुंटीस टांगलेला असतो, आणि त्याबद्दल कोणी कांहीं बोलत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं हा प्रयोग होईल त्यांना आमची एकच विनंती : शिकविणारा कारागीर आपल्या गांवांत शोधावा, आणि त्याच्या विद्येचें मोल त्यानें सांगितलेलें द्यावें.