घरगुती युक्त्या : वर्षाचें धान्य भरतांना

रामनवमी उलटली कीं आपल्याकडील बहुतेक घरांतून गव्हाचीं पोतीं येऊन पडतात आणि माजघराचें रूप पार पालटून जातें. जिकडे तिकडे सुपें, चाळण्या आणि निवडलेल्या खड्यांचे ढीग! या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीचें पत्र म्हणूनच मुद्दाम येथें घेत आहें. त्यांच्या घरीं बारा माणसें. सासूबाईंचा भरंवसा बिब्ब्यांवर व निंबाच्या पाल्यावर. धाकट्या भाऊजींनीं मात्र शेतीच्या औषधांच्या दुकानांतून कसल्याशा गोळ्या आणल्या असून, 'पोत्याला एक टाकली कीं वर्षभर पाहावयास नको,' असें त्यांचें म्हणणें. दोघेही वडील माणसांच्या ठिकाणीं; कोणाचें ऐकावें, असा या भगिनींस प्रश्न पडला आहे.

प्रथम गोळ्यांविषयीं लिहितें, कारण तेथें उशीर करून चालणार नाहीं. त्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असाव्यात. हवेंतील ओलावा लागतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा वायु सुटूं लागतो. ३ ग्रॅम वजनाच्या एका गोळींतून सुमारें १ ग्रॅम. सोंड्यास मारणारा हा वायु माणसासही मारतो आणि त्यावर खात्रीचा उतारा अद्यापि डॉक्टरांजवळ नाहीं. मोठ्या गुदामांत या गोळ्या वापरतात हें खरें. पण तेथें धान्याच्या थप्पीवर वायुबंद आच्छादन असतें, आसपास कोणी राहत नाहीं, आणि तें काम शिकलेलीं माणसें करितात. घरगुती उपयोगासाठीं त्या विकण्यास कायद्याची परवानगी नाहीं, ती उगीच नव्हे. आपल्याकडे कोठीच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच मुलें निजलेलीं असतात, आणि वायूला दाराची फट पुरते. लसणीसारखा वास येतो, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये. वास न येतांही अपाय होऊं शकतो.

तेव्हां भाऊजींचा मान राखून, पण निश्चयानें सांगावें कीं या गोळ्या घरांत नकोत. आणि हें लिहिलेलें हातीं पडण्यापूर्वींच त्या पोत्यांत पडल्या असतील, तर पोतें उपसूं नये, गोळ्यांस हात लावूं नये, त्यांवर पाणी तर मुळींच ओतूं नये. सर्वांनीं घराबाहेर पडावें व अग्निशमन दलास बोलवावें. कोणास मळमळ, ओकारी, छातींत दडपण किंवा धाप असें कांहीं झालें तर घरगुती उपाय करीत न बसतां लागलीच इस्पितळ गांठावें आणि गोळीचें नांव डॉक्टरांस सांगावें. नणंदा-जावांनीं घाबरट म्हटलें तरी चालेल.

याच पंक्तींत बसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पाऱ्याच्या गोळ्या पुरचुंडींत बांधून तांदळांत ठेवण्याची चाल कित्येक घरांत आहे. पाऱ्याची वाफ साध्या हवेंतही होत असते व ती विषारी आहे. दुसरी बोरिक पावडर. 'धुतल्यावर निघून जाते' असें सांगतात. पण डबे भरण्याच्या घाईंत सकाळीं तांदूळ किती पाण्यांनीं धुतले जातात, हें आपण सर्वजणी जाणतों! थोडथोडी रोज पोटांत जाणें मुलांना विशेष बाधक आहे.

आतां सासूबाईंचा पक्ष. तो पुष्कळ अंशीं बरोबर आहे, पण सर्वस्वीं नव्हे. निंबाचा पाला सावलींत खडखडीत वाळवून मगच थरांत घालावा. अर्धवट ओला पाला घातल्यास धान्यास बुरशी येते. पाल्यानें नवी कीड येण्यास थोडा अटकाव होतो, आंत शिरलेली मात्र मरत नाहीं. बिब्ब्याचें तेल अंगास लागलें तर फोड उठतात. म्हणून बिब्बे घालावयाचेच असतील तर फडक्यांत बांधून, मोजून घालावे आणि काढतांना मोजून घ्यावे. एखादा दळणांत गेला तर साऱ्या घराची पंचाईत.

खरें पाहतां कीड बाहेरून चालत येते त्यापेक्षां पोत्यांतूनच अधिक येते. गव्हातांदळांतील सोंडा दाण्यास भोंक पाडून त्यांत अंडें घालतो व तें भोंक बुजवून टाकतो. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते. त्यामुळें डोळ्यांत तेल घालून निवडलेले गहूं महिन्याभरांत पोखरलेले निघाले, तर निवडणारीचा दोष मानूं नये. मूग, चवळी, हरभरा यांतील भुंग्याची तऱ्हा निराळी. तो दाण्याच्या पाठीवर पांढरीं ठिपक्यांसारखीं अंडीं चिकटवितो, आणि त्याची सुरुवात बहुधा शेतांतच झालेली असते. कडधान्य घेतांना मूठभर दाणे तळहातावर घेऊन उजेडांत पाहावे. पांढरे ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असलें तरी तें धान्य परत करावें.

या साऱ्यावर पहिला इलाज म्हणजे कोरडेपणा. धान्यांत ओलावा १२ टक्क्यांहून कमी असला तर किडीची वाढ मंदावते आणि बुरशीची भीति उरत नाहीं. पण हें घरीं ओळखावें कसें? कोरड्या काचेच्या बरणींत तीनचार मुठी धान्य व चमचाभर कोरडें मीठ घालून नीट हलवावें. मीठ काचेस चिकटलें तर धान्य ओलें आहे असें समजावें. गहूं व कडधान्यें वैशाखाच्या उन्हांत पातळ पसरून दोनतीन दिवस तापवावीं, म्हणजे आंतली कीड बाहेर पडते. तांदूळ मात्र कडक उन्हांत घालूं नयेत. ते चिरतात व भाताच्या कण्या होतात. त्यांना सावलीचा वाराच बरा. आणखी एक गोष्ट पुष्कळांकडून चुकते. उन्हांतून उचललेलें धान्य तसेंच ऊनऊन कोठींत भरतात. मग आंत वाफ कोंडते, झांकणाला घाम येतो, आणि दोन दिवसांची मेहनत फुकट जाते. रात्रभर घरांत पसरून, पूर्ण निवल्यावरच तें भरावें.

दुसरा इलाज हवा कोंडण्याचा. जमिनींतील पेवें याच तत्त्वावर चालतात. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्धच आहेत. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळांचें नुकसान झालें. बंद पेवांत प्राणवायु संपत जातो व किडीस जगतां येत नाहीं. पेव उघडल्याबरोबर माणूस आंत उतरवीत नाहींत, तेंही याचमुळें. आपल्या घरीं पेव नसलें तरी डब्याचें झांकण घट्ट असावें आणि डबा कांठोकांठ भरावा, इतकें करितां येतें. एका प्रचंड कोठीपेक्षां चार मध्यम डबे बरे. एक उघडला तरी बाकीचे तीन बंद राहतात. जुन्या धान्याच्या तळावर नवें कधींही ओतूं नये. डबा आधीं रिकामा करून, सांदीकोपरे झाडून, उन्हांत पालथा घालावा.

अख्खीं कडधान्यें व तुरीची डाळ यांस एरंडेल किंवा शेंगदाण्याचें तेल चोळण्याची आपली जुनी रीत फार गुणाची आहे. किलोस ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा तेल पुरतें. मात्र तें दाण्यादाण्यास लागलें पाहिजे. दोघींनीं परातींत बसून चोळावें व मगच भरावें. तेलामुळें भुंग्याचीं अंडीं दाण्यास धड चिकटत नाहींत, व चिकटलीं तरी गुदमरतात. गव्हाच्या सोंड्यावर तेलाचा असा हुकमी परिणाम होत नाहीं, कारण त्याचें अंडें दाण्याच्या आंत असतें. रव्यासाठीं भाजून ठेवण्याचा उपाय सर्वांस ठाऊक आहेच. ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे त्यांनीं रव्याचा पुडा आठवडाभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवून मग डब्यांत घातला तरी चालतो.

बारा माणसांच्या घरीं वर्षाचे गहूं भरणें मला योग्य वाटतें. जेथें चार माणसें आणि दोन खोल्या आहेत, तेथें मात्र केवळ रीत म्हणून पोतीं रचण्यापेक्षां तीन तीन महिन्यांचें धान्य आणणेंच शहाणपणाचें.

श्रावणांत एखाद्या कोरड्या दिवशीं प्रत्येक डबा उघडून हात कोपरापर्यंत आंत खुपसावा. आंत ऊब लागली तर कीड वाढते आहे असें समजून त्याच दिवशीं तेवढाच डबा उपसावा, चाळावा व पहिल्या उन्हांत घालावा. बाकीचे लगेच घट्ट लावून टाकावे.