'आधी कायदा सोडा, मग हक्क मागा' हे कुणाचं वाक्य?

"मुसलमानांनी आधी शरियत सोडावा, मग समान हक्कांची भाषा करावी." निळा झेंडा खांद्यावर घेणारी आपली पोरंही हे आता फॉरवर्ड करू लागली आहेत. आम्ही त्यांना सांगतो, हे वाक्य बाबासाहेबांचं नाही. वसाहतवाल्यांचं आहे.

१८६५ साली फ्रेंच सरकारने अल्जीरियातल्या मुस्लिमांना सांगितलं: तुम्ही फ्रान्सची प्रजा आहात, नागरिक नाही. नागरिक व्हायचं तर लग्न, तलाक, वारसा यांचा तुमचा कायदा सोडा आणि अर्ज करा. म्हणजे काझीसमोरचा निकाह प्रजेसाठी वैध, पण नागरिकत्वाच्या आड येणारा! अर्ज न करणाऱ्यांची मुलंही प्रजा म्हणूनच जन्मली. उलट १८८९ च्या कायद्याने तिथे जन्मलेली स्पॅनिश, इटालियन स्थलांतरितांची मुलं फ्रेंच नागरिक होऊ लागली. बाहेरून आलेल्याचं पोर नागरिक आणि भूमिपुत्राचं पोर प्रजा!

मग धर्मच सोडला तर? १९०३ मध्ये अल्जीयर्सच्या अपील कोर्टाने सांगितलं, ख्रिस्ती झाला तरी तो कायद्याने 'मुस्लिम'च. हा शब्द नुसत्या श्रद्धेचा नाही. म्हणजे प्रश्न धर्माचा नव्हता, जन्माचा होता. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेचं नाव आम्ही तुम्हाला सांगायला नको.

"मग तुम्ही बहुपत्नीत्वाच्या बाजूने?" मुळीच नाही. १९६६ साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तो आम्हाला आपलाच वाटतो. पण समान हक्क ही त्या बायकांची मागणी आहे, नागरिकत्वाची फी नव्हे.

हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला देशपातळीवर बंदी आली ती १९५५ च्या कायद्याने. तरी १९५२ च्या निवडणुकीत त्याने मत दिलंच ना? 'आधी कोड बिल माना, मग मत द्या,' असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. संविधानाने नागरिकत्व आधी दिलं. सुधारणेची लढाई नागरिकांनी नागरिक म्हणून लढायची.

जी अट हिंदूला घातली नाही, ती मुसलमानाला घालणं म्हणजे समता नव्हे. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी एवढं तपासा.

जयभीम!