पऱ्हाटी पेटवण्याआधी

फाल्गुन लागला की आपल्या जिल्ह्यात संध्याकाळी धूर दिसू लागतो. दारव्ह्याहून दिग्रसकडे निघा, नाहीतर घाटंजीहून पांढरकवड्याकडे जा, धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटलेले असतात. गावची होळी एका रात्रीची, ही होळी महिनाभर चालते. वावर लवकर मोकळे व्हावे, बोंडअळी जळून जावी, वखराला अडचण नको, ही कारणे काही खोटी नाहीत. 2017 साली गुलाबी बोंडअळीने ज्याचा कापूस खाल्ला, त्याला पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेव असे मी तरी सांगणार नाही. पण ढीग पेटला की त्यातले नत्र धुरात जाते, ज्याने जमीन भुसभुशीत राहते तो काडीकचराही जातो. उरते ती मूठभर राख, आणि तीही चैत्राच्या वाऱ्यावर शेजाऱ्याच्या वावरात. मग मृगात आपण उधारीवर पोते आणतो.

शेतकरी बंधूंनो, शेणखत घाला हे सांगायला कोणाचे काय जाते? पण शेण आहे कुठे? पूर्वी मोठ्या घरचा गोठा भरलेला असे, उकिरडा घराइतका उंच होई आणि उन्हाळ्यात खताच्या बंड्या रांगेने वावरात जात. धनगरांच्या मेंढ्या रात्री वावरात बसवायच्या आणि बदल्यात धान्य द्यायचे, ही रीतही होती. आज बऱ्याच घरी एक गाय किंवा एक जोडी उरली आहे, आणि त्यांच्या शेणातल्या निम्म्याच्या गोवऱ्या होतात. शेण थोडे आणि काडीकचरा ढीगभर, अशी आपली आजची गत आहे.

नेमका याच अडचणीवरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात, पुसदला निघाला. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरे जोडून त्यांच्या खताच्या पद्धतीला ‘नाडेप’ म्हणू लागले. ऐंशीच्या दशकात ती महाराष्ट्राबाहेरही पोचली. आपल्याकडच्या कितीतरी जणांना मात्र नाडेप हे सरकारी योजनेतल्या टाक्याचे नाव वाटते. हा आपल्या शेजारच्या माणसाचा शोध आहे, हे पोरांना सांगायला हवे.

शोध एकदम आभाळातून पडला असेही नाही. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरावा, उन्हात वाळवून त्याचा चुरा करावा, फाल्गुनात प्रत्येक वावरात खड्डा करून तो भरावा आणि पेरणीच्या वेळी पसरावा, असे सांगितले आहे. पुढे इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्याच शेतकऱ्यांच्या रीती पाहून काडीकचरा, शेण आणि माती थरांनी कुजवण्याची पद्धत बसवली. 1931 साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. नाडेपकाकांनी शेणाचा वाटा फार कमी केला आणि खड्ड्याऐवजी भोकांच्या भिंतीचे टाके बांधले.

टाके आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असते. भिंत 9 इंची विटांची. जोडाई मातीत केली तरी चालते, वरचा थर तेवढा सिमेंटात घ्यावा म्हणजे विटा निखळत नाहीत. चारही भिंतींना मधल्या थरांत हात जाईल एवढी भोके ठेवायची. गवंडी हटकून विचारतो, ‘पाटील, भिंतीला भोकं कशाले?’ त्याला सांगा की आतले जंतू हवेवर जगतात. हवा कोंडली की कचरा कुजण्याऐवजी सडतो, घाण सुटते आणि नत्र उडून जाते.

भरण्यासाठी काडीकचरा, म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, कुटार, पालापाचोळा, मिळून 14 ते 15 क्विंटल लागतो. शेण फक्त 90 ते 100 किलो, चाळलेली कोरडी माती साडेसतरा क्विंटल आणि पाणी 1500 ते 2000 लिटर. आधी तळ आणि भिंती शेणकाल्याने भिजवाव्यात. मग 6 इंच काडीकचरा, त्यावर 4 किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर 50-60 किलो माती. असे अकरा-बारा थर चढले की टाक्याच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार येतो. तो 3 इंच मातीने झाकून शेणाने सारवून टाकावा. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा तसेच थर देऊन सारवायचे. सारवणाला भेग पडली की लगेच बुजवावी आणि ओल जाऊ देऊ नये. 90 ते 120 दिवसांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत तयार होते. होळीच्या सुमारास टाके भरले तर मृगाच्या आगेमागे खत हाती येते.

एका टाक्यातून सुमारे तीन टन खत निघते असे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण त्या तीन टनांत निम्म्याच्या वर आपणच घातलेली माती असते, हे विसरू नका. ती माती फुकट जात नाही, उडून जाणारे नत्र तीच धरून ठेवते. तरीपण तीन टन नाडेप म्हणजे तीन टन शेणखत, असा हिशेब करून दहा एकरांवर पसरायला गेलात तर काहीच दिसणार नाही. एक टाके एका एकराला, तेही सरीत किंवा तासात द्यावे.

आता माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी टाके हौसेने बांधले आणि पऱ्हाटी न तोडता तशीच आडवी-उभी कोंबली. दोन वेळा पाणी मारले आणि लग्नसराईत विसरलो. मृगात उकलले तर काड्या जशाच्या तशा! थोरले बंधू म्हणाले, ‘छान जपून ठेवल्यास, आता चुलीत घाल.’ चूक सगळी माझीच. पऱ्हाटी हे लाकूडच आहे, त्यात नत्र फार थोडे असते. तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे झाले पाहिजेत. कुऱ्हाडीने हे काम होत नाही, चार घरांनी मिळून कुट्टी करणारे यंत्र भाड्याने आणावे. तुकडे रात्रभर शेणकाल्यात भिजवावेत आणि हिरवा पाला मिळेल तेवढा मिसळावा. त्यांना एखादा महिना जास्त लागला तर घाई करू नये. अर्धवट कुजलेले खत वावरात टाकले तर हुमणी आणि तण दोन्ही घरी बोलावल्यासारखे होते. वाळकी, किडकी बोंडे मात्र ढिगाच्या कडेला राहू देऊ नयेत. तीही कुटून मधल्या थरात घालावीत, तिथे हात टिकत नाही इतकी ऊब असते.

कळंबकडच्या एका वहिनींना हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘टाकं चांगलंच हाय भाऊजी, पण त्याले लागनारं पाणी कोन वाहीन?’ मी गप्प झालो. 2000 लिटर म्हणजे दोनशे लिटरचे दहा ड्रम, तेही फाल्गुन-चैत्रात, ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी बायका पहाटे उठतात तिथे. हे काम घरातल्या बाईच्या डोक्यावर टाकून पुरुषाने सेंद्रिय शेतीच्या गोष्टी पारावर सांगायच्या असतील, तर टाके न बांधलेले बरे. वहिनींनी स्वतःच वाट काढली. फाल्गुनात पऱ्हाटी कुटून झाकून ठेवली आणि टाके पहिल्या चांगल्या पावसानंतर भरले, वरून गवताचे छप्पर केले. न्हाणीचे पाणीही तिकडेच वळवले. त्यांचे खत खरिपाला सापडले नाही, हरभऱ्याला सापडले. माझ्या मते कोरडवाहू घराला हीच रीत बरी. नाडेपचे नियम पाण्याच्या सोयीने वाकवले तर नाडेपकाका रागावणार नाहीत.

आता बियाण्याचे. घरचे तूर, मूग, ज्वारी, हरभरा, गहू यांना पेरणीआधी बीजामृत लावण्याची रीत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी देशभर नेली. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 20 लिटर पाण्यात 5 किलो ताजे शेण फडक्यात बांधून रात्रभर लोंबते ठेवायचे. 50 ग्रॅम चुना वेगळा लिटरभर पाण्यात भिजवायचा. सकाळी शेणाची पुरचुंडी पिळून काढायची, त्यात 5 लिटर गोमूत्र, चुन्याचे पाणी आणि धुऱ्यावरची मूठभर माती घालून ढवळायचे. एवढे क्विंटलभर बियाण्याला पुरते. बी पसरून त्यावर शिंपडावे, हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि पेरावे. सोयाबीनची साल पातळ असते, ते बुडवले की साल सुटते आणि उगवण जाते. त्याला नुसता ओलसर हात फिरवावा. आपल्या आज्या सरकीला शेणमाती चोळायच्या, तेव्हा त्याला कोणी अमृत म्हणत नव्हते.

कपाशीच्या पाकिटातल्या रंगीत बियाण्याला मात्र यातले काहीही लावू नका. त्यावर आधीच औषध चढवलेले असते. ते उघड्या हाताने टोबू नका, उरलेले पोराबाळांच्या आणि कोंबड्यांच्या वाटेत टाकू नका. 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषाने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे गेली. त्या घरांकडे पाहिल्यावर तरी हातमोज्याला हसू नये.

आणि बीजामृताने मेलेले बी जिवंत होत नाही. म्हणून आधी उगवण पाहा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाण्याचा हात द्या. आठवड्याने कोंब मोजा. सोयाबीनचे सत्तर निघाले तर एकरी 30 किलो पेरा, साठच निघाले तर 35 किलो घ्या, पन्नासच्या खाली गेले तर ते बी दळायला काढा. हे काम घरातल्या शाळकरी पोरीवर सोपवावे, ती आपल्यापेक्षा नीट मोजते.

बरेच जण विचारतात, नुसत्या जीवामृतावर भागेल का? 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन 200 लिटर पाण्यात आंबवून एकराला दिले की झाले, टाक्याची कटकट कशाला? मला ते विरजणासारखे वाटते. विरजण हवेच, पण दूध नसेल तर दही कशाचे लागणार? जमिनीत कुजायला काडीकचराच नसेल तर जंतू खातील काय? यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या शेतीतही गाय, झाड आणि पक्षी यांच्याबरोबर जमिनीत मुरणाऱ्या पाण्याला आणि वावरातच राहणाऱ्या पालापाचोळ्याला मोठे स्थान आहे.

यंदा सगळी पऱ्हाटी कुटणे जमणार नाही, हे मलाही कळते. एका एकराची तरी बाजूला काढा. टाक्याला विटा नसतील तर तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड उभा करून त्यात तसेच थर द्या, भोकांचे काम आपोआप होते. फक्त तो कूड गोठ्याजवळ, सावलीला आणि सांडपाण्याच्या वाटेवर असावा, विहिरीपासून लांब. भरल्यावर महिन्याभराने आत एक लोखंडी सळई खुपसा आणि बाहेर काढून हात लावून पाहा. सळई गरम लागली तर काम चालू आहे. गार आणि कोरडी लागली तर वरून चार भोके पाडून शेणकाला ओता आणि पुन्हा सारवा.