एक कपाट मुलांच्या उंचीचं करा

गावोगावच्या छोट्या संग्रहालयांचे विश्वस्त, शाळेच्या एखाद्या खोलीत जुन्या वस्तू मांडणारे शिक्षक आणि मुलांना तिथे घेऊन जाणारे आईबाबा, आजीआजोबा, तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. आपल्या संग्रहातलं एक दालन, तेवढं जमत नसेल तर एक कपाट, लहान मुलांसाठी नव्याने मांडा.

सुरुवात गुडघे टेकून करा. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०० सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे ९०च्या आसपास. मोठ्यांच्या नजरेला बेतलेल्या कपाटात त्याला फळीची खालची बाजू दिसते आणि काचेवरची दिव्याची तिरीप. मग कडेवर घेण्याचा हट्ट सुरू होतो आणि सगळं घर लवकरच बाहेर पडतं. फळी ५०-६० सेंटिमीटरवर आणा, कोपरे गोल करून घ्या, दिव्याचा उजेड थेट वस्तूवर पडू द्या.

त्या फळीवर वस्तू एकच ठेवा. मुलांचं दालन म्हटलं की आपण भिंतीवर कार्टून रंगवतो, झालरी लावतो आणि त्या गर्दीत वस्तू हरवते. मागची भिंत एकाच फिक्या रंगाची असू द्या. काळसर पितळ तिच्यापुढे लांबूनही उठून दिसतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नाना घाटांचे अडकित्ते तुम्ही पाहिले असतील. तसा एखादा तुमच्याकडे असेल, तर मूळ अडकित्ता काचेआड ठेवा आणि शेजारी सुताराकडून बिनधारेची हातभर लाकडी प्रतिकृती करून घ्या. दोन्ही मुठी धरून ती उघडमीट करताना पातं कसं चालतं, ते मुलाच्या हाताला कळतं. केळकरांनी हे संग्रहालय बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. मुलाच्या आठवणीतून इतकं मोठं काम जिथे झालं, तिथल्या आपण सर्वांनी मुलांसाठी एक फळी खाली आणायलाच हवी.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक जगभर गाजलं. त्यांचे चिरंजीव मायकेल स्पॉक १९६२मध्ये बोस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले. त्यांनी ‘आत काय आहे?’ अशा नावाचं प्रदर्शन मांडलं आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंचं पोट उघडून दाखवलं. आपल्याकडेही हे सहज होईल. जात्याचा वरचा दगड शेजारी काढून ठेवा, म्हणजे टाकी लावलेले चरे दिसतील. मोडीत निघालेला कंदील उभा कापून घ्या. संग्रहातल्या मूळ वस्तूला मात्र करवत लावू नका. जुनी पैठणी किंवा चित्रंही या उजेडाच्या कपाटात आणू नका. त्यांचे रंग उडतात.

पाटीवर तीन ओळी पुरेत, ठळक अक्षरात. त्यातली एक ओळ प्रश्नाची असावी: ‘तुमच्या घरी दळण कोण दळायचं?’ उत्तर आजीकडे असतं, म्हणून कपाटासमोर तिच्यासाठी बाकही हवा. मूल वस्तू बघेल आणि आजी सांगू लागेल. कुटुंबासाठी मांडणी करायची ती याचसाठी.

लाकूडकामाआधी पुठ्ठ्याचा नमुना करा. चार-पाच मुलांना बोलवा आणि काही न सांगता नुसतं बघा. ती कुठे थांबतात, कशाला हात लावतात, कुठून निघून जातात, ते टिपून ठेवा आणि तसा बदल करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९मध्ये आपल्या आवारात मुलांचं संग्रहालय उघडलं, तेव्हा मांडणी ठरवण्यात मुलांनाच सहभागी करून घेतलं होतं. छोट्या संग्रहालयांनाही हे परवडतं.

पालकांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत नुसतं ‘छान’ लिहू नका. आपल्या मुलाला काय दिसलं नाही, ते लिहा आणि विश्वस्तांना भेटून सांगा. पुठ्ठा, रंगाचा एक डबा आणि गावातल्या सुताराची मदत एवढ्यावर पहिलं कपाट उभं राहतं. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी ते करून ठेवा.