गाडीला सावली, डिशला आभाळ

चाकांवरचं घर कुणाला आवडणार नाही? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तर भंडारदऱ्याच्या काठाला नाहीतर कोकणातल्या एखाद्या बीचजवळ मोटरहोम उभी करून दोन दिवस मस्त राहायचं, हे आपल्या हॉस्टेलमधलं पहिल्या पगाराचं स्वप्न झालंय. (त्याआधी बुलेट आणि लडाख होतं.) आणि मोटरहोम म्हटली की पाठोपाठ प्रश्न येतोच, मॅच कशी बघायची? मग कुणीतरी परदेशी गाडीचा फोटो दाखवतं. छपरावर पांढरा घुमट, आत मोटरवर फिरणारी डिश, बटण दाबलं की स्वतःच उपग्रह शोधते! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे डोळे लगेच चमकतात. चला, फायनल इयरचा प्रोजेक्ट मिळाला!

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. डिश छपरावर चढवायचीच नाही. ती जमिनीवर, तिपाईवर ठेवायची, गाडीपासून दहा-पंधरा मीटर लांब. आणि प्रोजेक्टच करायचा असेल तर घुमटाचा नको, तिपाईचा करावा. हसू नका, कारणं सांगते.

पहिलं कारण एकदम साधं. गाडीला सावली हवी असते आणि डिशला आभाळ. मे महिन्यात पत्र्याची गाडी उन्हात उभी केली तर आत माणसाचा पापड होतो, म्हणून ड्रायव्हर शोधतो झाड. डिश छपराला बोल्टने आवळलेली असेल तर ती पण झाडाखाली जाते, आणि पानांनी भरलेल्या फांद्यांतून सिग्नल येत नाही. आता एकतर भाजून घ्या नाहीतर मॅच विसरा! तिपाई आणि लांब केबल असली की हे भांडणच मिटतं. दुसरं म्हणजे गाडी स्प्रिंगवर उभी असते. वारा आला, कुणी दार आपटलं की थोडी तरी झुलते. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर असते जेमतेम तीन अंशांची. दीड-दोन अंश इकडेतिकडे झालं की पडद्यावर चौकोन नाचायला लागतात. घुमटाचा खरा फायदा चालत्या गाडीत, आणि चालत्या गाडीत टीव्हीपेक्षा खिडकी बरी.

आता डिश लावायची कशी? आपल्याकडे महिन्याचं भाडं न भरता दिसणारी सेवा म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. बॉक्स आणि डिश एकदा विकत घेतली की संपलं. तिचा उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. नवी मुंबईतून तो आग्नेयेला येतो. (आग्नेय म्हणजे साउथ-ईस्ट, माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी मुद्दाम सांगितलं.) उत्तरेपासून मोजत गेलात तर सुमारे १३१ अंश, आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर.

हे आकडे काढायचं सूत्र आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि उत्तर लिहून मोकळे होतो. पण तेच सूत्र महाराष्ट्राच्या नकाशावर फिरवून बघा, गंमत कळेल. बीडला दिशा १३५ आणि उंची ६०. कराडला दिशा १३० आणि उंची ६०. नागपूरला दिशा १४५, उंची पुन्हा ६०! नंदुरबारपासून पार सिरोंचापर्यंत गेलं तरी उंचीचा कोन ५७ ते ६३ च्या मध्येच राहतो. म्हणजे राज्यात कुठेही जा, वर-खाली फार करावं लागत नाही. उंची साठाच्या आसपास पक्की करायची, डिश हळूहळू आडवी फिरवायची आणि सिग्नल सापडला की उंची किंचित जुळवून घ्यायची. यासाठी दोन मोटर, कंट्रोलर आणि पाचशे ओळींचा प्रोग्रॅम कशाला पाहिजे?

नवखा माणूस फसतो तो भलत्याच ठिकाणी. आपल्या छोट्या डिश ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ५८ अंशांवर बघणारी डिश डोळ्यांना बरीच उभी दिसते. ही तर समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय असं वाटून माणूस तिला अजून आभाळाकडे वळवतो, आणि हातचा सिग्नल घालवतो. होकायंत्राचंही तसंच. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात नाव घेण्यासारखा फरक नाही, ही आपली चैन आहे. पण गाडीला टेकून मोबाईलमधलं होकायंत्र बघितलं तर लोखंडामुळे काटा कुठेही जातो. चार पावलं लांब जाऊन बघावं.

जोडणीत फार काही नाही, पण जे आहे ते नीट करावं. केबल आरजी-६ घ्यावी, पंधरा मीटरपर्यंत काही अडत नाही. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट ह्याच केबलमधून बॉक्सकडून जातात, म्हणून बॉक्स बंद केल्याशिवाय कनेक्टर काढू किंवा लावू नये. जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट! केबल खिडकीच्या फटीतून घेतली तर काचेखाली चिमटते. गाडीच्या अंगाला भोक पाडून रबरी वॉशरचा सॉकेट बसवावा आणि बाहेर केबलला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोक्यावरून गळून जातं. बॉक्सच्या अडॅप्टरवर पुष्कळदा १२ व्होल्टच लिहिलेले असतात. मग बॅटरीच्या १२ चे इन्व्हर्टरने २३० करायचे आणि अडॅप्टरने परत १२ करायचे हा उद्योग कशाला? मध्ये एक रेग्युलेटेड कन्व्हर्टर टाकला की झालं. तो मात्र हवाच, कारण इंजिन चालू असताना बॅटरीच्या तारेवर १४ व्होल्ट असतात. आणि जुलैतल्या धो धो पावसात चित्र गेलं तर डिशला शिव्या देऊ नका. एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीला पाऊस आडवा येतोच.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मोटरहोम घेणार कोण, दहा माणसं? बरोबर आहे! पण घर गाडीत भरून निघणारे फक्त पर्यटकच असतात का? बीड, अहिल्यानगर, नाशिक ह्या भागांतून दरवर्षी लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, कोंबड्या, पोरं. मग पाच-सहा महिने कोपीत राहायचं, आणि ऊस संपला की कोपी मोडून पुढे. माझ्या मते महाराष्ट्राचं खरं मोटरहोम ते आहे. गेल्या जानेवारीत कराडजवळ अशा एका तळावर मी डिश बघितली. तिचा पाय तेलाच्या रिकाम्या डब्यात दगड भरून उभा केलेला, केबल ऊसाच्या पाचटावरून कोपीत गेलेली. लावणाऱ्या काकांकडे मीटर नव्हता, होकायंत्र नव्हतं. पण गावापेक्षा इथे डिश जरा उगवतीकडे सरकवावी लागते, हे त्यांना पाठ होतं. १३५ वरून १३०! आपण जे कॅल्क्युलेटरवर काढतो ते त्यांनी मनगटात ठेवलंय. अडचण एकच होती. बैल डब्याला घासून गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, डिश कशाला?" हा प्रश्न कॅन्टीनमध्ये हमखास येतो. मोबाईल आहे, पण घरात एक आणि तो बापाच्या खिशात, दिवसभर फडात. डेटा संपतो, रेंज जाते. एका डिशसमोर मात्र अख्खा तळ बसतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सह्याद्री वाहिनीवरून दाखवली गेली, ती याच कारणासाठी. पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या फ्री डिशवर दिसतात. इतकंच काय, २०१७ पासून स्वयंप्रभाच्या वाहिन्यांवर आपल्याच इंजिनिअरिंगची लेक्चर्स जीसॅट-१५ वरून येतात. हॉस्टेलचं वाय-फाय गेलं की आपण ज्या लेक्चर्ससाठी रडतो, तीच! टीव्ही म्हणजे शाळा नव्हे, हे मलाही कळतं. हंगामात शाळा सुटलेल्या मुलाला टीव्हीसमोर बसवून आपली जबाबदारी संपत नाही. पण जे आभाळातून फुकट येतंय ते केवळ पाय डगमगतो म्हणून त्याला दिसू नये, हे काही बरोबर नाही.

आणि साधेपणाची लाज कसली? ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रो आणि आकाशवाणीने साइट हा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही पोचवला, नासाच्या एटीएस-६ वरून. तिथल्या दहा फुटी डिश कसल्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. त्या फ्रिक्वेन्सीला जाळी चालत होती, म्हणून महागडा पत्रा वापरलाच नाही. मला ही इंजिनिअरिंग वाटते. प्रदर्शनात लाईट लुकलुकतात म्हणून पहिलं बक्षीस मिळवणारे आणि जूनपर्यंत कपाटामागे धूळ खाणारे प्रोजेक्ट आपण सगळ्यांनी पाहिलेत. नावं नको.

तर मागणी अशी की या वर्षी मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या एका ग्रुपला मिळून ही तिपाई करू द्यावी. घडी होणारे तीन पाय, मधोमध दगड किंवा पाण्याचा कॅन टांगायला हुक. उंचीच्या पट्टीवर ५७ ते ६३ एवढाच भाग कोरलेला. खाली फिरणाऱ्या कड्यावर आकडे आणि त्यांच्या शेजारी मराठीत गावांची नावं : कराड, नवी मुंबई, बीड, नागपूर. शिवाय एक साधा ओळंबा, कारण पाया वाकडा असेल तर वरचे सगळे आकडे खोटे पडतात. वर्कशॉपमध्ये दीड इंची पाइपचे तुकडे पडून आहेत. वेल्डिंगच्या सरांना विचारलं, ते म्हणाले ड्रॉइंग आणा. ड्रॉइंग तयार आहे, हात हवेत. ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी लंचनंतर वर्कशॉपच्या मागच्या दाराशी यावं. येताना जुनी डिश मिळाली तर घेऊन या.