जबाबदारीचे तुकडे नकोत

ब्रिटनमध्ये २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी मालकीत आली. जॉन मेजर सरकारने खासगी कंपन्यांना दिलेली प्रवासी सेवा एकेक करून परत घेण्याचा कायदाच तिथे झाला आहे. रेल्वे खासगी असावी की सरकारी, हा वाद आपल्याकडेही वरचेवर पेटतो. म्हणून हा अनुभव नीट तपासला पाहिजे.

१९९३च्या कायद्याने एकसंध ब्रिटिश रेलची वाटणी झाली. रूळ व सिग्नल रेलट्रॅककडे गेले, गाड्या अनेक कंपन्यांकडे, डबे भाड्याने देणारे निराळे आणि देखभाल कंत्राटदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळ घसरली आणि चार जण ठार झाले. चाकांखाली रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. त्याला तडे गेल्याचे आधीपासून ठाऊक होते, नवे रूळही उपलब्ध होते. पण जबाबदारी अशी विभागलेली असल्याने ते वेळेत बसवले गेले नव्हते. पुढच्याच वर्षी रेलट्रॅक कोलमडली.

खासगीकरणाने काहीच साधले नाही, असे मात्र नाही. २०१९पर्यंत ब्रिटनमधील रेल्वेप्रवास दुपटीहून अधिक वाढला. जपानने १९८७मध्ये खासगीकरणासाठी कर्जबाजारी सरकारी रेल्वेचे विभाजन केले, तेव्हा रूळ आणि गाड्या प्रत्येक प्रादेशिक प्रवासी कंपनीकडे एकत्रच ठेवले. टोकियो-ओसाका पट्ट्यात त्या कंपन्या भरभराटीला आल्या; विरळ वस्तीच्या होक्काइदोला मात्र आजही सरकारी आधार लागतो.

आपला इतिहासही बोलका आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती जीआयपी या खासगी कंपनीची. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा लंडनचा, जोखीम रयतेची! रेल्वेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अ‍ॅकवर्थ समितीच्या अहवालानंतर १९२५मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. पण सरकारी मालकी म्हणजे सुरक्षितता नव्हे: सरकारी असलेल्या मुंबईच्या लोकलमधून पडून आजही दरवर्षी शेकडो प्रवासी जीव गमावतात.

स्थानके, मालडबे, खानपान यांत खासगी भांडवल जरूर यावे. रूळ, सिग्नल आणि गाड्यांचे संचालन मात्र सार्वजनिक हातात एकत्र राहिले पाहिजे. तोट्यातल्या मार्गांना सरकारने उघडपणे अनुदान द्यावे. आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठरल्या मुदतीत संसदेसमोर ठेवण्याचे बंधन रेल्वेवर घालावे. हे बंधन नसेल, तर सरकारी मालकीचाही प्रवाशाला उपयोग नाही.